चौथ्या रांगेतलं घर

१

चंदीगढला आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात माझं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "बहनजी, हाथों को कोई काम दीजिए। बुनाई कीजिए।" विणकाम मला जन्मात जमलेलं नाही. इथल्या बायका बँकेच्या रांगेत उभ्या राहून स्वेटर विणतात आणि सुयांकडे बघतही नाहीत. माझ्या सुईवरून टाके पळून जातात. म्हणून मी शाळेच्या मुलांची चौकटीची वही आणली, दोन पेन्सिली टोकल्या आणि नक्षी काढायला बसले.

रोज संध्याकाळी पाचला बसायचं आणि सव्वासहाच्या आत पान पुरं करायचं. सव्वासहाला हे यायचे. हे म्हणजे माझे यजमान, कृष्णकांत. डेराबस्सीच्या एका औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होते. कारखान्याची बस सेक्टर बावीसच्या बसस्टँडजवळ सोडायची, तिथून घर पाच मिनिटांवर. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो, खाली घरमालकीण बीजी. फाटकाची कडी वाजली की मी पायऱ्या मोजायची. सतरा पायऱ्या. नवव्या पायरीवर हे थांबायचे, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे, मग उरलेल्या आठ.

अतिरेक्यांचे ते दिवस असे होते की सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी घरी आला एवढ्यावर बायका देवाला नमस्कार करत. रस्त्यात पोलिसांची नाकी होती, वाळूची पोती होती, अंधार पडल्यावर पंजाबातल्या बस बंद होत्या. मी रेडिओ लावायचाच सोडून दिला होता. बातमी ऐकायची ती सतराव्या पायरीवर ऐकायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

माझी नक्षी अगदी साधी. एका घरात चार पाकळ्या, देठ एकमेकांत अडकवलेले. डावीकडे दोन घरं, उजवीकडे दोन घरं, मधून खालून वर चढत जाणारा वेल. अशा सात रांगा, की पान भरलं. अठ्ठावीस घरं, सगळी एकसारखी. सुरुवात मी खालून करायची, वेल खालून वर चढतो म्हणून. आठव्या-दहाव्या घरापाशी हात आपोआप चालायला लागायचा आणि छातीतली धडधड खाली बसायची. पंधरवड्यात प्रेशर उतरलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, विणकामाचा गुण.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच नक्षी मी दारात रांगोळीनं काढायची. रांगोळीची पुरचुंडी दर वर्षी साताऱ्याहून यायची. पहिल्यांदा बीजींनी विचारलं होतं, "पुत्तर, कीड़ियां नूं आटा पानी एं?" मुंग्यांना पीठ घालतेय असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, नाही बीजी, येणाऱ्यासाठी आहे. त्यांना ते फार आवडलं. मग त्या स्वतः येऊन लँडिंग झाडून द्यायला लागल्या.

आमच्या आईची रीत निराळी होती. ती उंबऱ्याबाहेर, रस्त्याकडे पाठ करून बसायची आणि घराकडे तोंड करून रांगोळी काढायची. "ती आपल्यासाठी नसते, शुभदा. येणाऱ्यासाठी असते. त्याला सुलट दिसली पाहिजे." आमच्या लँडिंगवर बसायला जागाच नव्हती, मागे सरकलं तर जिन्यावरून खालीच. म्हणून मी आतल्या बाजूला बसून काढायची. माझी नक्षी चारी बाजूंनी सारखी. सुलट काय आणि उलट काय, कुणाला कळणार होतं?

एका सोमवारी, जानेवारीच्या सुरुवातीला, पान पुरं करून मी ते जरा लांब धरून बघितलं, तर त्यात एक घर रिकामं होतं. खालून दुसरी रांग, अगदी कडेचं. चारी बाजूंची चौकट होती, आत काही नव्हतं.

मला वाईट वाटलं नाही, राग आला. सत्तावीस घरं काढून एक विसरणं म्हणजे अठ्ठावीस पोळ्यांत एक कच्ची ठेवणं. मी पेन्सिल उचलली, तेवढ्यात कडी वाजली. पायऱ्या मोजण्यात ते घर तसंच राहिलं.

हे हात धुऊन आले, टेबलावर वाकून बघितलं आणि हसले. "अगं, ही तर आमची बस काढलीस. दोन सीटा, पॅसेज, दोन सीटा. रांगाही सातच."

"चला, काहीतरीच," मी म्हटलं. मीही हसले.

मंगळवारी जेवताना यांनी सांगितलं, "आज गुप्ता नव्हते. नोकरी सोडली म्हणे, दिल्लीला भावाकडे गेले. पुढून दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसायचे. त्यांच्याशिवाय बस सुनी सुनी वाटली."

३

पुढच्या आठवड्यात वरून दुसऱ्या रांगेतलं, वेलाला लागून असलेलं घर रिकामं राहिलं. या वेळी मी मुद्दाम मोजत काढत होते, तरी राहिलं. दुसऱ्या दिवशी सेठींना कावीळ झाल्याचं कळलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठे बसतात हो सेठी?"

"मागे. शेवटून दुसरी रांग, पॅसेजकडे. का गं?"

"काही नाही. वरण वाढू?"

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी माझी समजूत घातली. लोक जातच होते. दिल्लीला, पानिपतला, सासुरवाडीला, जिथे जमेल तिथे. कावीळ तर अर्ध्या सेक्टरला झाली होती. आणि अठ्ठावीस घरांत चूक कुठेतरी होणारच. फक्त एक गोष्ट मनातून जाईना. पानाची खालची रांग म्हणजे बसची पुढची आणि वरची म्हणजे मागची, असं धरलं की दोन्ही वेळा रांग बरोबर जुळत होती, खिडकीला खिडकी आणि पॅसेजला पॅसेज.

तिसऱ्यांदा घर रिकामं राहिलं ते मी त्याच संध्याकाळी शाईच्या पेनानं भरून टाकलं. चारी पाकळ्या ठसठशीत काढल्या. खालून तिसरी रांग, पॅसेजकडचं घर. 

दोन दिवसांनी हे म्हणाले, "तरसेमचा पत्ता नाही. मंगळवारी सकाळी गावाहून निरोप आला म्हणून तसाच गेला. घरचेही काही बोलत नाहीत." मग स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "माझ्या पुढच्याच रांगेत बसायचा."

मी आत जाऊन वही कोळशाच्या पोत्यामागे टाकली. चार दिवस नक्षी काढली नाही. प्रेशर वाढलं, डोकं ठणकायला लागलं, आणि खरं सांगायचं तर नुसतं वाट बघत बसणं त्याहून भयंकर होतं. निदान पानावर काहीतरी कळत होतं. पाचव्या दिवशी मी वही काढली, फडक्यानं पुसली आणि बसले.

४

आमच्या घरात टेबल एकच, जेवायचं आणि लिहायचं. त्याला दोन लोखंडी घडीच्या खुर्च्या. मी भिंतीकडे पाठ करून बसायची, म्हणजे दार समोर दिसायचं. समोरची खुर्ची यांची. जेवण झालं की हे ती टेबलाखाली सरकवून ठेवायचे, शिस्तीचा माणूस. त्या दिवशी पान अर्धं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की समोरची खुर्ची टेबलापासून हातभर बाहेर आहे. दुपारी केर काढताना मीच ओढली असणार. मी उठून आत सरकवली आणि पुन्हा बसले.

पान संपवून मान वर केली तेव्हा ती पुन्हा बाहेर होती.

फरशीला उतार होता. सिमेंटच्या फरशीला उतार असतोच, पाणी मोरीकडे जायला. मी हे स्वतःला दोनदा सांगितलं. मग पानाकडे बघितलं.

खालून चौथी रांग. डावीकडचं कडेचं घर रिकामं होतं.

चौथ्या रांगेत खिडकीशी कोण बसतं हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. डावी खिडकी, दाराच्या बाजूची. उतरायला सोपं पडतं म्हणून हे तिथे बसायचे, पहिल्या दिवसापासून. पलीकडे उजव्या खिडकीत खरड गावचे मल्होत्रा. रोजच्या बसमध्ये जागा ठरलेल्या असतात. दुसऱ्याच्या जागेवर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात जेवणं. या दोघांची जोडी पॅसेजच्या दोन बाजूंना. चौकशी तब्येतीची आणि भांडण क्रिकेटवरून, असं सारं त्या रुंदीवरून चालायचं.

हे आले. सतरा पायऱ्या पुऱ्या झाल्या तेव्हा मी दारातच रडायला लागले.

"उद्या कामावर जाऊ नका."

"उद्या इन्स्पेक्शन आहे, शुभदा. मीच नसलो तर काय होईल? झालं काय ते तरी सांग."

मी सगळं सांगितलं. चारही पानं समोर ठेवली. हे शांतपणे ऐकत होते, आणि हे शांतपणे ऐकत असले की मला कळायचं, माझं काही खरं नाही.

"हे बघ. तुझ्या नक्षीत रोज चूक होते आणि बसमध्ये रोज कोणी ना कोणी गैरहजर असतं. गैरहजर नसता तर तू त्याच्याबद्दल विचारलं नसतंस. इतकंच आहे."

"असेल. पण निदान जागा बदला. तेवढं तरी करा. मल्होत्रांना म्हणा, उजवीकडे बसू द्या."

"काय कारण सांगू?"

"काहीही सांगा. वारा लागतो म्हणा, कान दुखतो म्हणा. माझी शपथ आहे तुम्हाला."

हे शपथा मानत नव्हते, पण मला मानत होते. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं बाई. उद्या मल्होत्रांच्या जागेवर बसतो. झालं समाधान?"

झालं होतं. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी शांत झोपले. मल्होत्रांचं काय होईल हा विचार मला एकदाच आला आणि मी कूस बदलली. हे मी इथे लिहून ठेवते आहे, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी धुकं दुपारपर्यंत हटलंच नाही. बीजी वर आल्या, गाजराचा हलवा देऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "अज्ज तेरा मुंह खिड़या होया ए।" खरंच मी प्रसन्न होते. यांनी सकाळी जाताना पुन्हा कबूल केलं होतं.

पाच वाजता वही उघडली. नवीन पान काढायचं धाडस होईना, म्हणून कालचंच समोर घेतलं. ते चौथ्या रांगेतलं घर बघत बसले. त्यात आता कुणी नव्हतं, नुसती जागा होती, असं काहीतरी वाटून मला बरं वाटत होतं.

खोडरबर घरंगळून टेबलापलीकडे पडला. मी उठले, वळसा घालून गेले, वाकून उचलला, आणि गुडघे दुखत होते म्हणून समोरच्या खुर्चीवर टेकले.

खुर्ची गरम होती.

जानेवारीतली संध्याकाळ होती. लोखंडी खुर्ची, सकाळपासून कुणी न बसलेली. माझी स्वतःची खुर्ची दर वेळी बर्फासारखी लागायची, म्हणून मी तिच्यावर घोंगडी घालायची. ही मात्र कुणीतरी तासभर बसून आत्ताच उठावं तशी ऊबदार होती. बसण्याची जागा आणि पाठ, दोन्ही.

मला किंचाळायचं होतं. त्याऐवजी मी समोर बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघायची हिंमत नव्हती. समोर माझी वही होती. या बाजूनं मी ती कधीच बघितली नव्हती.

या बाजूनं पुढची रांग पुढे होती. म्हणजे लांब, टेबलाच्या पलीकडच्या काठाला, जशी बसमध्ये बसलेल्या माणसाला दिसते. मागची रांग माझ्याजवळ. सगळी बस सुलट होती. आणि चौथ्या रांगेतलं ते रिकामं घर उजव्या हाताला होतं.

मी उठून माझ्या जागेवर गेले. डावीकडे. परत त्या खुर्चीपाशी आले. उजवीकडे.

खालची रांग पुढची धरताना मी ड्रायव्हरकडे पाठ करून लोकांच्या तोंडाकडे बघत होते. माझा डावा हात तो त्यांचा उजवा. एवढी साधी गोष्ट. रांगा मी बरोबर उलटवल्या आणि बाजू उलटवायच्या विसरले. डावी खिडकी कधीच रिकामी नव्हती. रिकामी होती ती उजवी.

आई म्हणायची, ती आपल्यासाठी नसते.

६

घड्याळात साडेपाच झाले होते. बस कारखान्यातून पाचला सुटायची. फोन फक्त कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात होता, आणि लावणार कुणाला? रस्त्यावर धावत जाणाऱ्या बसला फोन नसतो. तरी मी जिना उतरले, फाटकापर्यंत गेले, धुक्यात काही दिसेना, परत आले. मग टेबलापाशी उभी राहून ते घर भरायला लागले. पेन्सिलनं, पेननं, पुन्हा पेन्सिलनं. कागद फाटला. फाटलेल्या जागेतून टेबलाचं लाकूड दिसायला लागलं.

समोरची खुर्ची बाहेरच होती. मी तिच्याकडे बघून हात जोडले. तोंडानं बोलले सुद्धा, "चुकलं माझं. बाजू चुकली. परत बदलून द्या." फक्त शेगडीत कोळसा खाली बसला.

सव्वासहा झाले. मग साडेसहा, सात.

सव्वासातला फाटकाची कडी वाजली.

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. पावलं जड होती, दमले असतील. सात, आठ, नऊ.

पावलं नवव्या पायरीवर थांबली नाहीत. दहा, अकरा, बारा, सरळ वर आली.

दार उघडलं तेव्हा बाहेर मल्होत्रा उभे होते. पगडी सुटून खांद्यावर आली होती, कोटाच्या उजव्या बाहीवर काचेचा चुरा चमकत होता. त्यांच्या मागे बीजी जिना चढत होत्या, धापा टाकत, तोंडावर ओढणी धरून.

"भाभीजी," ते म्हणाले. सुटलेली पगडी हातानं सावरली. मग एकदम म्हणाले, "धुंद में पता ही नहीं चला कहां से। एक ही गोली। दाईं खिड़की से।"

मी त्यांच्या खांद्यावरून नववी पायरी बघत होते.

"वो तो मेरी सीट थी, भाभीजी। आज सुबह ही बोले, यार, जगह बदल ले। मैंने पूछा भी। क्यों बोले?"

७

तेरा दिवस दारात रांगोळी नव्हती. चौदाव्या दिवशी माझा भाऊ विश्वनाथ मला साताऱ्याला घेऊन आला. सामान बांधताना मी दोन्ही खुर्च्या सोबत घ्यायला लावल्या. तो म्हणाला, "ताई, लोखंडाच्या घडीच्या खुर्च्या साताऱ्यात मिळत नाहीत का?" मी हट्ट केला, आणि नव्या विधवेच्या हट्टाला कोणी नाही म्हणत नाही.

दर दिवाळीला मल्होत्रांचं ग्रीटिंग येतं. मुलीचं लग्न झालं तेव्हा फोटो पाठवला होता. खाली दर वर्षी तेच वाक्य असतं, की तुमच्या यजमानांनी मला हे आयुष्य दिलं. मी उत्तर पाठवते, सुखी राहा म्हणून. खरं काय ते लिहायला बसते आणि फाडून टाकते. मरायला मी मल्होत्रांनाच पाठवलं होतं, हे कुठल्या तोंडानं लिहू?

संध्याकाळी पाचला मी अजून नक्षी काढते. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, मधून वेल, सात रांगा. आता मी समोरच्या खुर्चीवर बसून काढते, म्हणजे पान सुलट असतं, चुकायची भीती नाही. बसायच्या आधी बैठकीवर हात ठेवून बघते. पान पुरं झालं की एकेक घर तपासते. एखादं तरी रिकामं सापडावं, माझ्या नावाचं, आणि त्या जागेवर कोण बसतं हे कुणाला विचारावं लागू नये.

इतकी वर्षं झाली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस घरं भरलेली असतात. खुर्ची रोज थंडगार असते.